मासा एका कारणानं मरत नाही

(मंचाच्या उन्हाळी मेळाव्यात फ्रिस्को, कोलोरॅडो इथे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आधी एक खुलासा. तुमच्यापैकी अनेकांनी मित्रांना सांगितलं असेल की या शनिवार-रविवारी आम्ही फ्रिस्कोला चाललो आहोत, आणि समोरून लगेच विचारणा झाली असेल, "अरे वा, डॅलसला?" मराठी माणसं टेक्ससमधल्या फ्रिस्कोत ढिगानं सापडतात, हे खरं. डोंगरी नद्यांमधले मासे मात्र या फ्रिस्कोत सापडतात. माझा धंदा माशांचा असल्यामुळे माझी सोय झाली.

सकाळी आपण टेनमाईल क्रीकच्या काठानं चालून आलो. तळातला गोटा अन् गोटा दिसत होता. तेव्हा एका ज्येष्ठ मित्रानं विचारलं, "इतकं स्वच्छ पाणी! इथे तुम्हाला संशोधन करायला उरलंय काय? आमच्या मुळा-मुठेवर या." प्रश्न थट्टेचा होता, पण रास्त होता. आजचं माझं बोलणं हे त्याचंच लांबलेलं उत्तर आहे.

पाणी स्वच्छ दिसतं. पण त्यात गळ टाकलात तर बहुतेक काय लागेल? ब्राऊन ट्राउट, तो मूळचा युरोपचा. ब्रूक ट्राउट, तो अमेरिकेच्या पूर्व भागातला. रेनबो ट्राउट, तो पॅसिफिक किनाऱ्याकडचा. तिघेही इथे माणसानं आणून सोडलेले. या खोऱ्याचा स्वतःचा ट्राउट म्हणजे कोलोरॅडो रिव्हर कटथ्रोट. जबड्याखाली लाल-केशरी रेघ असते, म्हणून ते नाव. तो आज त्याच्या मूळ पसाऱ्याच्या पंधरा टक्क्यांहूनही कमी भागात उरला आहे, तोही बहुतेक अगदी वरच्या, लहान, थंड ओढ्यांमध्ये. म्हणजे घर दिसायला लख्ख आहे, पण राहणारी माणसं बदलली आहेत, आणि मूळ मालक माळ्यावर जाऊन बसला आहे.

हे कुणी केलं, असं विचारलं की प्रत्येकाला एक गुन्हेगार हवा असतो. पर्यावरणवाद्याला खाण दिसते, खाणवाल्याला मासेमार दिसतो, मासेमाराला धरण दिसतं. गेली काही वर्षं आमच्या क्षेत्रात ज्याचा अभ्यास वाढला आहे तो विषय नेमका हा आहे. नदीवर माणसाचे अनेक दाब एकाच वेळी पडतात, आणि त्यांचा हिशेब साध्या बेरजेनं लागत नाही.

इथलीच उदाहरणं घेऊ. टेनमाईल क्रीकच्या उगमाकडे, फ्रीमाँट पासवर, क्लायमॅक्सची मॉलिब्डेनमची खाण आहे. पोलादाला ताकद देणारा हा धातू एके काळी जगाला मोठ्या प्रमाणात या एका डोंगरानं पुरवला. खाणीतून उरलेल्या गाळानं वरची दरी भरली. कोकोमो आणि रॉबिन्सन ही जुनी खाणगावं त्या गाळाखाली गेली. १९८०च्या दशकात मंदीत खाण थंडावली आणि २०१२ साली पुन्हा सुरू झाली.

दुसरा दाब रस्त्याचा. आपण सगळे ज्या आय-सेव्हन्टीवरून इथे आलो, त्यावर हिवाळ्यात वाळू आणि मीठ टाकतात. आयझेनहॉवर बोगद्यापासून खाली येणाऱ्या स्ट्रेट क्रीकमध्ये ही वाळू वर्षानुवर्षं उतरत राहिली. ट्राउट अंडी घालतो ती गोट्या-खड्यांच्या फटीत. त्या फटीतून पाणी वाहत राहिलं तरच अंड्याला प्राणवायू मिळतो. वाळू बसली की अंडी गुदमरतात. वरून पाहणाऱ्याला पाणी तेवढंच स्वच्छ दिसतं.

तिसरा दाब धरणाचा. समोर दिसतं ते डिलन जलाशय १९६३ साली पूर्ण झालेल्या धरणामुळे तयार झालं. जुनं डिलन गाव त्यासाठी हलवलं गेलं. ब्लू, स्नेक आणि टेनमाईल या तिन्ही नद्या त्यात येतात. चौथा दाब बाहेरून आणलेल्या माशांचा, आणि पाचवा हवामान तापण्याचा.

आता हे दाब एकमेकांशी कसे वागतात ते पाहू. स्नेक नदीच्या वरच्या भागातल्या खडकांतच धातू आहेत. ते खडक हवा-पाण्याशी भेटले की आम्ल तयार होतं आणि जस्त विरघळून पाण्यात येतं. हे निसर्गतः चाललेलंच होतं. खाली तिला पेरू क्रीक मिळतो, आणि त्यात पेनसिल्व्हेनिया नावाच्या बंद पडलेल्या खाणीचं नारिंगी पाणी वर्षानुवर्षं येत होतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की वरच्या स्नेक नदीत, खाणीचा फारसा संबंध नसलेल्या भागातसुद्धा, विरघळलेल्या जस्ताचं प्रमाण तीस वर्षांत, विशेषतः कमी पाण्याच्या हंगामात, सुमारे चौपट झालं आहे. संशोधकांनी त्याचा संबंध तापमानवाढीशी लावला. बर्फ लवकर वितळतो, भूजल खाली जातं, गोठलेली जमीन सुटते, आणि पूर्वी झाकलेला खडक हवेला उघडा पडतो.

माशाच्या शरीरात काय होतं ते सांगतो, कारण गुणाकार तिथे होतो. जस्त माशाच्या कल्ल्यांवर बसतं आणि कॅल्शियम आत घेण्याची वाट अडवतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि त्याच वेळी माशाच्या शरीराची गरज वाढते. मग मासा कल्ल्यांवरून जास्त पाणी ओढतो. जास्त पाणी म्हणजे जास्त जस्त. जस्ताचं जे प्रमाण थंड पाण्यात त्यानं निभावून नेलं असतं, तेच कोमट पाण्यात त्याला मारतं. मृत्यूच्या दाखल्यावर तुम्ही "जस्त" लिहा किंवा "तापमान" लिहा, दोन्ही अर्धसत्यच.

आणि कधीकधी दोन दाब एकमेकांना कापतात. हे ऐकायला विचित्र वाटेल. ओढ्यावर रस्ता जातो तिथे पाइप टाकलेला असतो. तो खालच्या बाजूनं उंच राहिला तर मासे वर चढू शकत नाहीत. नदीचे असे तुकडे होणं वाईटच. पण अनेक ठिकाणी वरचा कटथ्रोट वाचला आहे तो याच अडथळ्यामुळे, कारण खालचा ब्रूक ट्राउट वर येऊ शकला नाही. चांगल्या हेतूनं तो पाइप काढलात तर काही वर्षांत कटथ्रोट संपू शकतो. नाही काढलात तर ती छोटी, कोंडलेली वस्ती एखाद्या वणव्यात किंवा दुष्काळात एका फटक्यात जाऊ शकते. सरळ उत्तर नाही. प्रत्येक ओढ्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

आता घराकडे जाऊ. डिलनच्या जलाशयातून रॉबर्ट्स टनेल निघतो. तेवीस मैलांचा हा बोगदा खंडविभाजक रांगेच्या पोटातून पाणी पलीकडे डेन्व्हरकडे नेतो. जे पाणी उतारानं पॅसिफिकच्या बाजूला गेलं असतं, ते साउथ प्लॅटमध्ये पडून मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला जातं. मी हे पहिल्यांदा नकाशावर पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे तर आपलं मुळशी!

मुळेचं पाणी भीमेत, भीमेचं कृष्णेत, कृष्णेचं बंगालच्या उपसागरात जायचं. मुळशीच्या धरणातून ते सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. कोयनेचं पाणी तसंच पोफळीला उतरून वाशिष्ठीत जातं. आपल्यापैकी कुणी कोलाडला राफ्टिंग केलं असेल. ते सकाळी वीजघरातून सुटणाऱ्या पाण्याच्या वेळेवर चालतं. आपल्याला मजा येते, पण रोज चढणाऱ्या आणि रोज उतरणाऱ्या पाण्यात माशाची पिल्लं काठच्या डबक्यांत अडकून मरतात, हा अशा नद्यांवरचा जगभरचा अनुभव आहे.

मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तो जमिनीसाठी. जमीन गेली, गावं गेली. त्या हिशेबात मासा कुठेच नव्हता, आणि त्यात त्या शेतकऱ्यांचा दोष काहीच नाही. पण वीज मुंबईला, पाणी पश्चिमेला आणि विस्थापन मावळ्यांच्या वाट्याला, ही वाटणी ज्या पद्धतीनं झाली, त्याच पद्धतीनं नदीचीही झाली. माणसाला न विचारणारी व्यवस्था माशाला विचारेल, ही अपेक्षाच भाबडी.

सह्याद्रीच्या नद्यांत होतं तरी काय, हे आपल्याला कसं कळतं? कर्नल साइक्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी १८२४ ते १८३१ च्या सुमारास दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. त्यानं वाटेत भेटलेल्या माशांचीही नोंद केली, आणि स्थानिक लोकांनी सांगितलेली नावं तशीच लॅटिन नावांत बसवून टाकली. त्यामुळे आज जगभरच्या संग्रहालयांत 'मुल्या', 'कोलुस', 'सींगटी', 'नुक्टा', 'खुद्री' अशी नावं बाटल्यांवर लिहिलेली आहेत. ती सांगणाऱ्या भोई-कोळ्यांचं नाव मात्र कुठेच नाही. मला ही गोष्ट नेहमी टोचते. आपल्या नद्यांचं पहिलं शास्त्र त्या माणसांच्या तोंडून आलं.

या माशांचे शरीर पाहिलेत तर नदीचा स्वभाव कळतो. मळ्याच्या हनुवटीखाली चकतीसारखा चोषक असतो, त्यानं तो धो-धो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो. काही डोंगरी शिंगट्यांच्या छातीवर वळ्या असतात, त्याही त्याच कामाच्या. २०११ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या १,१४६ जातींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात माशांच्या सुमारे २९० जाती होत्या. त्यातल्या साधारण ६५ टक्के जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. एकूण जातींपैकी सुमारे १६ टक्के धोक्यात होत्या, पण माशांमध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त होतं.

गावाकडे वाढलेल्यांना वलगण आठवत असेल. पहिल्या मोठ्या पावसात ओढे भरले की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ते वलगणीचे मासे. आता हिशेब मांडा. खाली धरण बांधलं, चढण बंद झाली. तरी काही मासे धरणाच्या वरच्या ओढ्यात तगले असते. पण ओढ्यातली वाळू आणि गोटे बांधकामाला गेले, अंड्यांची जागा गेली. तरी काही तगले असते. पण वलगणीतच, पोटात अंडी असलेले मासे, कुणी जाळ्यानं तर कुणी ब्लीचिंग पावडर आणि जिलेटिनच्या कांड्यांनी मारले. यातला प्रत्येक माणूस खरंच म्हणू शकतो की, "माझ्या एकट्यानं काय झालं?" एकट्यानं काही झालंही नसतं!

पुण्यात हेच शहराच्या मापानं झालं. पूर्वी उन्हाळ्यात साचलेली घाण पावसाळ्याचा पूर धुऊन न्यायचा. वर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर झाली. पाणी तिथे अडलं आणि खाली मैलापाणी वाढलं. मैलापाण्यानं प्राणवायू संपवला. वाहत्या पाण्याचे देशी मासे उपनद्यांकडे सरकले असते, पण वाटेत बंधारे होते. आणि रिकाम्या झालेल्या घरात कमी प्राणवायूतही मजेत राहणारी चिलापी शिरली. चिलापी म्हणजे तिलापिया. ती १९५२ साली भारतात आणली गेली. पुण्याच्या संशोधकांनी २००३ साली 'करंट सायन्स'मध्ये जुन्या नोंदींशी तुलना करून दाखवलं की इथल्या नद्यांतून कितीतरी देशी जाती गेल्या आणि परक्या आल्या. चिलापीला दोष देणं सोपं आहे. तिनं फक्त आपण उघडं ठेवलेलं दार वापरलं. आता त्याच नदीचा काठ सुशोभित करण्याचं काम २०२२ पासून सुरू आहे. आधी पाणी की आधी काठ, हा पुणेकर कार्यकर्त्यांचा प्रश्न मला माशांच्या बाजूनंही बरोबर वाटतो.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. एम.एस्सी.ला असताना मी एका संस्थेच्या कार्यक्रमात घाटातल्या एका जलाशयात कटला-रोहूचं बीज सोडलं होतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून पिशव्या सोडल्या, फोटो काढला, घरी पाठवला. कटला आणि रोहू गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्या पाण्यात ते चिलापीइतकेच परके. मला हे पाठ होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. तरी त्या दिवशी मला फक्त पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

हे सांगतो आहे कारण वाईट हेतूचे दाब ओळखणं सोपं असतं. आपल्यासारख्यांना सावध राहायचं ते चांगल्या हेतूंपासून. महसीरचंच पाहा. साइक्सनं पुण्याजवळच्या नदीवरून ज्याचं वर्णन केलं, तो खुद्री, दख्खनचा महसीर. धरणं आणि बेसुमार मासेमारी यांनी तो घटला. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पैदास सुरू झाली. मोठं काम होतं, आणि लाल यादीत एके काळी संकटग्रस्त असलेला हा मासा आज धोक्याबाहेर मानला जातो. पण त्याचं बीज त्याच्या मूळ प्रदेशाबाहेर, कावेरीतही सोडलं गेलं. कावेरीचा स्वतःचा एक प्रचंड, पाठीवर उंचवटा असलेला महसीर होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गळ टाकणाऱ्यांनी वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींवरून दिसलं की बाहेरून आलेला वाढत गेला आणि मूळचा आटत गेला. त्या मूळच्या माशाचं शास्त्रीय नाव नक्की व्हायला २०१८ साल उजाडलं. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. एक महसीर वाचवताना दुसरा हातचा निसटत होता, आणि तो कोण हेही आपल्याला माहीत नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. कोलोरॅडोचा राज्यमासा ग्रीनबॅक कटथ्रोट. तो वाचवायला कित्येक दशकं पैसा आणि श्रम खर्च झाले. २०१२ साली संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए तपासला, तेव्हा कळलं की खरा ग्रीनबॅक फक्त कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीकमध्ये उरला आहे, आणि इतकी वर्षं सोडलेले बरेचसे मासे दुसऱ्याच वंशाचे होते. संशोधकांनी चूक लपवली नाही, छापली, आणि काम नव्यानं सुरू केलं. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

शेवटचा मुद्दा आपल्या मंचाला थोडा अवघड जाईल. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले महसीर वरदायिनी देवीचे मानले जातात, म्हणून कुणी मारत नाही. आपण विवेकवादी माणसं. "देवीचे मासे" म्हटलं की आपली भुवई वर जाते. पण सरकारी फलकानं जे केलं नाही ते त्या श्रद्धेनं केलं, हे मान्य करायलाच हवं. त्याचबरोबर हेही पाहायला हवं की श्रद्धा जाळं अडवते. वरचं पाणी आटलं, जंगल तुटलं, विषारी सांडपाणी आलं, तर श्रद्धेला ते अडवता येत नाही. त्यासाठी कायदा, विज्ञान आणि संघटित लोक लागतात. गावकऱ्यांची ती राखण्याची सवय आणि आपलं शास्त्र, दोघांनी एकमेकांची टिंगल न करता एकत्र बसायला शिकलं पाहिजे.

मग इथे बसून आपण काय करायचं? आपल्यातले बरेच जण गावाकडच्या कामांना पैसे देतात. बंधारा, नदी खोलीकरण, मत्स्यबीज, काठ सुशोभीकरण. पैसे जरूर द्या. फक्त देण्याआधी तीन प्रश्न विचारा. या नदीवर आधीपासून कोणकोणते दाब आहेत, आणि आपलं काम त्यातला कोणता कमी करतं, कोणता वाढवतं? जे सोडणार किंवा लावणार, ते मूळचं कुठलं? आणि नदीवर पोट असणाऱ्या माणसांना कुणी विचारलं का? ही उत्तरं नसतील तर चेकबुक बंद ठेवा. आणि अशा ठिकाणी दहा वर्षं दर हंगामात कोणते मासे मिळाले याची साधी वही ठेवणाऱ्या एखाद्या शिक्षकाला किंवा कॉलेजच्या मुलांना मदत करा. तशी वही होती म्हणून कावेरीचं सत्य कळलं. आपल्या बहुतेक नद्यांवर ती नाही.

ज्येष्ठ मित्राच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की पाणी किती स्वच्छ दिसतं यावरून नदीची तब्येत कळत नाही. त्यात कोण राहतं आणि कोण राहत नाही, ते मोजावं लागतं. इथेही आणि मुळा-मुठेवरही.

पुढच्या जूनमध्ये घरी फोन कराल तेव्हा "पाऊस झाला का?" हे आपण विचारतोच. त्याच्या पुढे एक प्रश्न विचारा, "वलगणीचे मासे चढले का?" काय उत्तर येतं, आणि उत्तर देणाऱ्याला ते किती वर्षांपूर्वीचं आठवतं, ते मला जरूर कळवा.